नांगर वाळूत होता

९ फेब्रुवारी

प्रिय बारके,

त्या दिवशी सकाळी मी तुझ्या नवऱ्याच्या जहाजाखाली उतरलो, पंख्याला गुंडाळलेला दोर कापला, वर येऊन चहा प्यायलो आणि घरी जाऊन देवापुढे बसलो. आजवर मी तुला एवढंच सांगितलं. त्यात खोटं काही नाही. फक्त पाण्याखाली काय दिसलं ते त्यात नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. आमच्या शाळेत सगळ्या इयत्तांना मिळून एकच गुरुजी होते, पण पत्र कसं लिहावं ते त्यांनी छडीने शिकवलं. आधी खुशाली, मग काम. तर इथे सर्व खुशाल. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, ती स्वतः मात्र माझ्याशी बोलत नाही. बाळाचं नाव आम्हाला शेजारच्या काकूंकडून कळलं. छान आहे.

आता काम.

वारा नुकताच पडला होता. जावईबापूंचा फोन आला, "अप्पा, पंख्यात दोर गेलाय. येऊन जाता का जरा? एकटेच या, उगाच चार तोंडं नकोत." तू लग्न होऊन गेल्यापासून माझी हवेची नळी आपला होडीवाला सुंभ धरतो, हे तुला माहीत आहे. त्याला मी त्या दिवशी नेलं नाही. नळी जहाजावरच्या एका खलाशाने धरली, हातात साप दिल्यासारखी. जावईबापूंनी भर डेकवर, सगळ्या माणसांसमोर वाकून नमस्कार केला. कप्तानाची टोपी डोक्यात जाऊ न देणारा हा मुलगा मला पहिल्यापासून आवडतो. तुझ्यासाठी मीच त्याला होकार दिला होता, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

दोर पंख्याच्या दांड्यावर इतका आवळला होता की घर्षणाने वितळून त्याची एक सालच झाली होती. दातेरी सुरीने घासत बसलो. पिवळा दोर. प्रवाळाची हद्द दाखवायला सागरी खात्याने जी पिवळी पिंपं तरंगत ठेवली आहेत, त्यातल्या एकाचा. वाऱ्यात जहाज मागे सरकलं आणि दोर पंख्याने ओढून घेतला, एवढं समजायला शिक्षण लागत नाही.

काम झाल्यावर मी खाली पाहिलं. वर येण्याआधी पाणबुड्या एकदा खाली बघतोच, एखादं हत्यार पडलं आहे का ते पाहायला.

नांगर वाळूत होता, बारके. नकाशात दाखवलेल्या जागी, छान रुतलेला. पण वारा वाढला तेव्हा जावईबापूंनी साखळी सोडली, मग आणखी सोडली. कुठलाही शहाणा कप्तान तेच करील, कारण जहाजाला नुसता नांगर धरत नाही, तळावर पडून राहिलेल्या साखळीचं वजन धरतं. मग वारा फिरला. त्याच्याबरोबर जहाज फिरलं आणि जहाजाबरोबर साखळी. वाळू जिथे संपते तिथून प्रवाळाचा बांध सुरू होतो. साखळीने तो झाडून काढला होता. अंगण झाडताना केरसुणीचे अर्धगोल उठतात ना, तसे एकावर एक.

तू लहान असताना काचेच्या बुडाचा डबा पाण्यावर धरून मी तुला खालचे घुमट दाखवायचो. सगळ्यात मोठ्याला तू 'टकल्या' म्हणायचीस आणि डब्यातून त्याला हाका मारायचीस. तो उलटा पडला होता. त्याची खालची बाजू मी प्रथमच पाहिली. बाकीच्यांची नुसती खडी झाली होती, आणि जिथे जिथे तुटलं होतं तिथून बुळबुळीत तार सुटून पाण्यात हलत होती. लहान मासे होते तिथेच घोटाळत होते. घर पडलं तरी माणसं उंबऱ्यापाशी उभी राहतात, तसे.

वर आलो. जावईबापूंनी विचारलं, "खाली सगळं ठीक?"

मी म्हटलं, "दोर निघाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिवळा दोर पोत्यात भरायला सांगितला. चहात साखर जास्त होती.

नंतर खात्याने चौकशी लावली तेव्हा मी जावईबापूंना एवढंच म्हटलं, की तुम्ही आपणहून सांगा, शिक्षा कमी लागेल. ते तुझ्यापाशी बोलले असणार, कारण दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "अप्पा, तुम्ही त्या चौकशीच्या खोलीत पाऊल टाकलंत तर मला माहेर नाही आणि तुम्हाला नात नाही." त्यानंतर तू फोन ठेवलास, तो ठेवलासच.

तुझं म्हणणं मला कळतं. त्यांचा परवाना गेला तर कंपनीची खोली जाईल, मोठं जहाज मिळायचं होतं ते जाईल. तान्ह्या पोरीला घेऊन तुम्ही कुठे जाल? मी अजून कुणाला काही बोललेलो नाही. हे लिहितानाही दार लावून घेतलं आहे.

तुझा,
अप्पा

२० फेब्रुवारी

प्रिय बारके,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा येतं म्हणून तुझ्या आईला सांगितलं. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "टपाल वेळेवर येतं. राग आहे तो."

सुंभची होडी खात्याने बांधून ठेवली.

त्याला सुंभ का म्हणतात ते तू विसरली नसशील. जळेल पण पीळ सोडणार नाही. पिवळी पिंपं टाकली तेव्हा याच माणसाने धक्क्यावर उभं राहून सांगितलं होतं, की समुद्राला कुंपण घालणाऱ्यांची मी एक दिवस पिंपं कापीन. आता एक पिंप गायब आहे आणि खाली बांध मोडला आहे. दोन अधिक दोन करायला खात्याला किती वेळ लागतो? पिंप कापलं, आत शिरला, तळाची जाळी ओढली, झालं.

काल तो धक्क्यावर आपल्या होडीला टेकून बसला होता. होडीच्या नाकात खात्याचं मोठं कुलूप.

"ये बुडक्या," म्हणाला. "बघ, माझ्या होडीला नथ घातली."

मी म्हटलं, "सांग ना त्यांना, तू नाही केलंस म्हणून."

"सांगितलं. ते म्हणाले, मग कुणी केलं? मी म्हटलं, देवाला विचारा. ते म्हणाले, त्याचा पत्ता द्या." तो हसला. मग म्हणाला, "तुझ्या जावयाला पण विचारलं म्हणे. तो तिथेच होता ना वाऱ्यात?"

"होता."

"काय म्हणाला?"

"नांगर वाळूत होता, म्हणाला."

"मग असेल," सुंभ म्हणाला. "पोरगा चांगला आहे."

त्याच्या बायकोने मला बसायला पोतं टाकलं, आणि मी बसलो. बारके, त्या पोत्यावर बसणं मला पंख्याखालच्या कामापेक्षा जड गेलं. हा माणूस रोज माझी नळी धरतो. तूही धरायचीस, शाळेला सुट्टी असली की. नळीला एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ. मी खाली असताना तू कधी डुलकी घेतली नाहीस, आणि त्यानेही नाही.

जावईबापू खोटं बोललेले नाहीत, हे मी मनाला किती वेळा सांगितलं. नांगर वाळूत होता. हे वाक्य त्यांनी शपथेवर सांगितलं आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. देवापुढे बसलो की हेच वाक्य मनात येतं, आणि नामाचा मणी तिथेच अडकतो.

अप्पा

१ मार्च

प्रिय बारके,

सागरी खात्याच्या बाईंनी मला कामावर बोलावलं. पिंप नव्याने बांधायचं होतं. या बाई आयुष्यभर प्रवाळ शिकत आलेल्या, माझ्यापेक्षा लहान आणि मला 'दादा' म्हणतात. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. नळी धरायला सुंभ येऊ शकत नव्हता. आरोपीला तिथे मनाई. बाईंचा माणूस आला.

मी खाली साखळीचे अर्धगोल शोधत होतो. गेले होते. भरती-ओहोटीने खडी इकडची तिकडे झाली, वर वाळू बसली. नुसता मोडका ढिगारा राहिला आहे. टकल्यावर हिरवं शेवाळ धरलं आहे.

वर आल्यावर मी होडीत बाईंसमोर बसलो. मग मी विचारलं, की बाई, हे मुळात होतं कसं? मी जन्मभर याच्या शेजारून पोहत आलो, पण जहाजाच्या बुडाला चिकटतं ते खरवडायचं आणि दगडावर वाढतं त्याला हात लावायचा नाही, एवढंच मला ठाऊक.

त्यांनी सांगितलं ते तुला सांगतो. तुला आवडलं असतं, म्हणजे तू मला बोलू दिलं असतंस तर.

प्रवाळाचं पिल्लू मोहरीपेक्षाही बारीक असतं. पाण्यातून तरंगत येतं आणि बसायला टणक जागा शोधतं. एकदा बसलं की उठायचं नाही. मग पाण्यातला चुना घेऊन अंगाखाली स्वतःपुरती वाटी बांधतं. त्याच्या अंगात त्याहून बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न शिजवतं आणि घरमालकाला देतं. घरमालक त्याला आसरा देतो. पाणी फार तापलं तर हे भाडेकरू निघून जातात, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. सगळं नीट राहिलं तर ते आपल्यासारखंच दुसरं काढतं, ते शेजारी बांधतं, खालचं मरतं, वरचं त्याच्या घरावर घर बांधतं. वर्षाला फार तर नखाएवढं. टकल्या एवढा व्हायला किती वर्षं लागली असतील ते बाईंनी सांगितलं. तेव्हा या गावात एकही भिंत उभी नव्हती.

आणि असे कितीतरी मिळून तो बांध. समुद्राची लाट बाहेरून येते ती तिथे फुटते. म्हणून आत पाणी शांत, म्हणून धक्का टिकतो, म्हणून माशांची पिल्लं आत वाढतात. म्हणूनच तर वाऱ्यात जावईबापूंनी जहाज तिथे आणलं. ज्याच्या आडोशाला गेले त्यालाच साखळी लागली. बाई हे बोलल्या नाहीत, माझ्याच मनात आलं.

मी विचारलं, "परत येईल का?"

"टणक जागा मिळाली तर येईल," त्या म्हणाल्या. "पण ही खडी लाटेबरोबर लोळते. लोळत्या दगडावर बीज धरत नाही. उलट ती लोळत लोळत शेजारचं जिवंत घासून मारते. खडी बांधून काढावी लागेल. आणि मुख्य म्हणजे तिथे पुन्हा जहाज उभं राहता कामा नये."

मग म्हणाल्या, "दादा, हे जाळ्याचं काम नाही. जाळं फांद्या मोडतं, घुमट उलथवत नाही. पण वाळूचा तो तुकडा नकाशात नांगराची जागा म्हणून दाखवलेला आहे. ती जागा काढून टाका असं मी म्हटलं की वर विचारतात, पुरावा काय? कप्तान म्हणतो नांगर वाळूत होता, आणि तो होताच, जागा जुळते. साखळी कुणी पाहिली नाही. मग सुंभचं नाव लागेल, नकाशा तसाच राहील आणि पुढच्या वाऱ्यात दुसरं जहाज येऊन तिथेच उभं राहील. तेही चूक करणार नाही."

त्यांनी मला काही विचारलं नाही. नुसत्या पाण्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी खोटं बोलून मोकळा झालो असतो.

अप्पा

८ मार्च

प्रिय बारके,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ. "अप्पा, तुम्हाला ते दगड जवळचे की मी?"

ते दगड नाहीत, असं मी लिहिणार नाही. तू चिडशील, आणि तुझा प्रश्नही तो नाही.

तुझ्या आईने चिठ्ठी वाचली आणि अनेक दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, "अहो, समुद्राला जीभ नाही म्हणून तुम्ही आपली देणार का? आणि देणार ती कुणाच्या ताटातून?"

मी म्हटलं, "सुंभच्या होडीला कुलूप आहे."

"मी त्याच्या घरी धान्य पाठवते. जन्मभर पाठवीन."

"त्याला धान्य नको, होडी हवी."

"आणि मला नात हवी," ती म्हणाली. पातेलं घासायला बसली आणि घासलेलंच पुन्हा घासलं. ती काही चूक बोलत नाही. या घरात कुणीच चूक बोलत नाही, हीच पंचाईत आहे.

जावईबापू परवा स्वतः आले होते. तू पाठवलं नव्हतंस, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं. दारातच बसले, आत आले नाहीत. म्हणाले, "अप्पा, वारा असा होता की साखळी सोडली नसती तर माणसं गेली असती. बाहेर जहाजं नांगर टाकतात तिथे त्या वाऱ्यात उभं राहायची सोय नव्हती. मी काय करायला हवं होतं, सांगा."

मी म्हटलं, "तेव्हा केलंत ते बरोबर केलंत."

"मग?"

"नंतरचं म्हणतोय मी. साखळीचं सांगून टाका. माणसं वाचवायला सोडली म्हणून सांगा. ऐकतील."

"ऐकतील. आणि परवाना ठेवून घेतील. पिंप दिसत असताना मी जहाज मागे सरकू दिलं, ते पण येईल त्यात. आणि दोर लपवला, ते पण." त्यांनी चप्पल पायात घातली. "सुंभकाकांना दंड होईल, तो मी भरीन. त्यांना कळणार पण नाही."

"त्याला कळेल," मी म्हटलं. "त्याने ते केलेलं नाही हे त्याला माहीत आहे."

ते उठले. जाताना वाकून नमस्कार केला. पाठीवर हात ठेवताना माझा हात थांबला नाही, पण जड झाला. आशीर्वाद दिला. देवाला तो कसा पोचला असेल, ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात चौकशीची शेवटची बैठक आहे. त्यानंतर कागद बंद. गेले काही दिवस मी रोज मनात दोन्ही बाजूंनी तुझ्याशी बोलतो. एका बाजूने बोललो की तू येतेस, पोर माझ्या मांडीवर देतेस, आणि मी सुंभला म्हणतो, चल, नळी धर. त्याच्या हातात नळी देऊन मी खाली जाईन का, बारके? तुला विचारतो आहे, कारण तूही धरली आहेस. खाली गेलेल्या माणसाला वरच्याबद्दल शंका नसावी लागते. आता शंका वरच्याला खालच्याबद्दल असायला हवी, आणि त्याला ती नाही.

दुसऱ्या बाजूने बोललो की तू येत नाहीस. तिथे बोलणं संपतं.

अप्पा

१५ मार्च

प्रिय बारके,

हे पत्र तुला मिळेपर्यंत जावईबापूंनी तुला सांगितलेलं असेल. तरी माझ्या हाताने लिहितो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकशील तर मी लपलो असं वाटेल.

सकाळी तुझी आई माझ्या आधी उठली. मी कुठे निघालो ते तिने विचारलं नाही. सदऱ्याची इस्त्री मात्र तिनेच केलेली होती. तिचा होकार होता असं यावरून समजू नकोस. तिने जन्मात मला चुरगळलेल्या कपड्यांत बाहेर पाठवलेलं नाही, एवढंच.

बंदराच्या कचेरीत वरच्या मजल्यावर ती खोली आहे. लांब टेबल, पंखा, भिंतीवर समुद्राचा नकाशा. मधोमध चौकशीचे साहेब, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील. जावईबापू खिडकीपाशी गणवेशात बसले होते. सुंभ मागच्या बाकावर, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात, लग्नाला आल्यासारखा. मला बघून त्याने आपल्या शेजारी जागा केली. त्याला वाटलं, मी त्याच्या सोबतीला आलो आहे.

मी बसलो नाही. सरळ टेबलापाशी गेलो आणि म्हटलं, मला सांगायचं आहे.

वकील म्हणाले, "यांना बोलावलेलं नाही."

साहेब म्हणाले, "बोलू द्या."

मी दोर कापायला गेलो ते सांगितलं. दोर पिवळा होता ते सांगितलं. नांगर कुठे होता, साखळी कुठवर गेली होती, कुठून कुठे फिरली, नकाशावर बोट ठेवून दाखवलं. माणसं वाचवायला साखळी सोडावी लागली होती, तेही सांगितलं. ते दोनदा सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. मी त्याच वेळी का बोललो नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घाबरलो. ते लिहून घेतलं. बाईंनी मान वर केली नाही. मागे सुंभ उठून उभा राहिला होता, त्याची चाहूल मला लागली, पण वळून बघायचं धैर्य झालं नाही. मी त्याला इतके दिवस त्या कुलपाशेजारी बसू दिलं होतं.

माझं झाल्यावर साहेबांनी जावईबापूंना विचारलं, हे खरं आहे का. ते उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "खरं आहे." मग खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याकडे नाही.

परवान्याचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही. जाईल असं वकिलांच्या तोंडावरून वाटलं. नांगराची ती जागा नकाशातून काढायची शिफारस साहेबांनी तिथल्या तिथे लिहायला सांगितली. टकल्या मात्र उठणार नाही. माझ्या, तुझ्या, तुझ्या मुलीच्या आणि तिच्या मुलीच्या आयुष्यातही नाही. हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी गेलो, हे मी तुझ्या क्षमेसाठी लिहीत नाही. ती मागायचा मला हक्क उरलेला नाही.

सही करण्याआधी साहेबांनी एक रकाना भरायचा राहिला म्हणून विचारलं, "कप्तानांशी तुमचं काही नातं?"

"माझे जावई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणी दबाव आणला का तुमच्यावर, इथे येण्यासाठी?"

"नाही."

"मग तुम्ही का आलात?"

मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी खाली मी एकटाच होतो."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, आणि मी सही केली.

तुझा,
अप्पा